महासाथीत शोकाधाराचं काम कसं चालू ठेवायचं

शोकग्रस्तांना आधार देणाऱ्या समुपदेशकांचं काम मी बघते. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं आणि बघता बघता आमच्या भेटी, शोकगट, सगळं फोनवर आलं. पुन्हा अशी वेळ आली तर सेवा चालवणाऱ्यांच्या हाताशी असावं म्हणून हे लिहिते.

सुरुवातीला फोन कमी आले तर माणसं कमी करू नका. घरात दुसरं कुणी आजारी असतं, कागदपत्रांची धावपळ असते. रडायला सवड नसते. खरे फोन काही महिन्यांनी सुरू होतात. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाचं निदानसुद्धा आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण) प्रमाणे किमान सहा महिने उलटल्याशिवाय करत नाहीत. म्हणून पैशांची तजवीज साथ ओसरल्यानंतरच्या वर्षासाठीही करा आणि सुरुवातीचा निवांत काळ प्रशिक्षणाला वापरा.

प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ, दवाखान्यात शेवटची भेट न मिळालेल्या घरच्यांच्या एका प्रश्नाला द्या. "नर्सनं फोन त्यांच्या कानाशी धरला होता. मी बोललो ते त्यांना ऐकू गेलं असेल का?" हा प्रश्न हमखास येतो. नव्या समुपदेशकाच्या तोंडून पटकन जातं, "हो, नक्की गेलं असेल." असं म्हणू नये. ते आपल्याला माहीत नाही, आणि विचारणाऱ्यालाही ते कळतं. त्याऐवजी विचारावं, "तुम्ही काय बोललात त्यांच्याशी?" मग तो माणूस सांगू लागतो, आणि ज्याला निरोपच घेता आला नाही असं वाटत होतं, त्याला आपण काहीतरी बोललो होतो हे आठवतं. मध्ये तो थांबला तर थांबू द्या, पण फोनवरची शांतता लाइन तुटल्यासारखी वाटते. अधूनमधून "मी आहे, ऐकतेय" एवढं म्हणायला शिकवा.

कोविडनं गेलेले आणि इतर कारणांनी गेलेले अशा वेगळ्या रांगा करू नका. कर्करोगानं गेलेल्याच्या घरच्यांनाही निर्बंधांमुळे शेवटची भेट मिळालेली नसते, आणि आपल्या दुःखाला कुणी विचारत नाही ही खंत वर असतेच.

आता आपली माणसं. माझ्या मते सेवा इथेच मोडते. समुपदेशक घरून बोलतो, फोन ठेवला की पुढच्या क्षणी स्वयंपाकघरात. शिवाय समोरच्याची भीती त्याच्याही घरात असते. म्हणून जड फोननंतर लगेच दुसरा फोन देऊ नका. आधी त्यानं जोडीदार सहकाऱ्याशी बोलावं. मेसेज नको, आवाज हवा. ही जोडी रोस्टरमध्येच लिहून ठेवा, नाहीतर "कशाला त्रास द्यायचा" म्हणून कुणी फोन करत नाही. खाजगी नंबर कुणालाही देऊ नये, सेवेचाच वापरावा.

सहकाऱ्याच्याच घरी मृत्यू झाला तर "तुला आता जास्त कळेल" असं चुकूनही म्हणू नका. रजा द्या. परतल्यावर वेळा ठरवण्याचं, नोंदींचं काम द्या, मानधन तेच ठेवा. शोकाचे फोन पुन्हा कधी घ्यायचे हे त्यानं आणि पर्यवेक्षकानं मिळून ठरवावं.

प्रतीक्षायादी वाढेल. वाट पाहणाऱ्याला तारीख सांगा. तारीख ठरलेली नसेल तर निदान पुन्हा कधी फोन कराल ते सांगा, आणि नवं सांगण्यासारखं काही नसलं तरी त्या दिवशी फोन कराच.