३१६एल इम्प्लांट गंजला? दोष पोलादाला देण्याआधी या चुका टाळा

हाड जोडायला बसवलेली ३१६एल या स्टेनलेस पोलादाची प्लेट शरीरातून काढली आणि तिच्यावर खड्डे दिसले की पहिला संशय पोलादावर जातो. रासायनिक तपासणी होते, अहवाल बहुधा ठीक येतो आणि चौकशी तिथेच थांबते. खरं तर आधी पाहायला हवं ते खड्डे नेमके कुठे आहेत हे.

प्लेटचा उघडा भाग चकचकीत आणि नुकसान फक्त स्क्रूच्या डोक्याखाली, भोकाच्या कडेला असेल, तर ते फटीतलं क्षरण समजा. ३१६एलला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाल्यास तो पुन्हा तयार होतो. फटीत मात्र द्रव अडकून राहतो, ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचतं, आम्लता वाढते. त्यात हालचालीमुळे स्क्रू आणि प्लेट एकमेकांवर घासत राहिले, तर थर टिकणार कसा? सैल किंवा तिरका बसलेला स्क्रू हे धातूच्या प्रतीचं दुखणं नव्हे.

अर्थात प्रतही तपासायचीच, पण नुसतं ‘३१६एल’ हे नाव पाहून नाही. साधारण व्यापारी ३१६एलमध्ये क्रोमियम १६ टक्के आणि मॉलिब्डेनम २ टक्के असलं तरी चालतं. इम्प्लांटच्या पोलादासाठीच्या आयएसओ ५८३२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र क्रोमियमचं प्रमाण अधिक मॉलिब्डेनमच्या प्रमाणाची ३.३ पट ही बेरीज किमान २६ लागते. वरच्या आकड्यांची बेरीज होते २२.६, म्हणजे अपुरी.

न वापरलेल्या इम्प्लांटवर तांबूस ठिपके आले, तर साध्या पोलादाच्या अवजारांवरून आलेले लोखंडाचे कण शोधा. ते नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाच्या पॅसिव्हेशनने, म्हणजे संरक्षक थर नीट बसवणाऱ्या आम्लप्रक्रियेने, जातात. वेल्डिंगचा निळसर-पिवळा डाग मात्र त्याने जात नाही. तिथे पिकलिंग (तीव्र आम्लाने वरचा थर काढणं) किंवा इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या साहाय्याने पृष्ठभाग विरघळवून गुळगुळीत करणं) हेच हवं. लेझर मार्किंग पॅसिव्हेशननंतर केलं, तर त्या अक्षरांवरचा थर बिघडलेलाच राहतो.

प्रयोगशाळेत आरशासारखा घासलेला तुकडा तपासून प्रत्यक्ष इम्प्लांटला पास करणं ही तर सर्रास दिसणारी चूक. एएसटीएम एफ२१२९ ही विजेचा दाब वाढवत धातू कधी गंजू लागतो हे मोजणारी चाचणी ३७ अंश सेल्सियसला, अंतिम पृष्ठभाग असलेल्या नमुन्यावरच करा. आकडे संशयास्पद कमी आले, तर नमुना ज्या रेझिनमध्ये बसवला त्याच्या कडेला फट राहिली आहे का, हे आधी बघा.

आणि काढलेली प्लेट ब्लीचमध्ये बुडवून ठेवू नका. हायपोक्लोराइटमुळे नवे खड्डे पडतात, मग शरीरात पडलेले कोणते आणि बादलीत पडलेले कोणते, हे सांगणं अवघड होतं.