सोसायटीच्या ग्रुपवर सभ्यता कशी राखावी, कुणाचं तोंड न दाबता

गेल्या उन्हाळ्यात नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत आठवडाभर पाण्याचे टँकर मागवावे लागले. एका रात्री पावणेअकराला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘टँकरचे पैसे नक्की कोणाच्या खिशात जातात?’ पाठोपाठ मेसेजची रांग लागली. कुणी पुरावा मागितला, कुणी हात जोडले. मग एका गृहस्थांनी लिहिलं, ‘बायकांनी हिशोबात पडू नये.’

ग्रुपचा ॲडमिन मी. ‘फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील’ हे सेटिंग सुरू केलं आणि झोपलो. सकाळी ग्रुप उघडला तर शेवटचा मेसेज तोच होता, बायकांनी हिशोबात पडू नये. रात्रभर तो तिथे शेवटचा शब्द म्हणून राहिला आणि काकूंना उत्तर द्यायची सोयच मी ठेवली नव्हती. त्यांचा प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता. गृहस्थांचं वाक्य निव्वळ अपमान होतं. मी दोन्ही एकाच मापाने मोजलं. दुपारपर्यंत कमिटीला वगळून दुसरा ग्रुप तयार झाला होता.

त्यानंतर आम्ही जे बदललं ते इथे लिहितो. तुमचा ग्रुप गल्लीचा असो, शाळेच्या पालकांचा असो की द्राक्ष बागायतदारांचा, यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी नियम लिहा, आणि ते भाषेबद्दल लिहा, विषयाबद्दल नको

बहुतेक ग्रुपच्या माहितीत ‘वाद नको, राजकारण नको, फक्त सकारात्मक मेसेज’ असं असतं. यातला एकही नियम मला पटत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खोदला, पाण्याची लाइन फुटली, तर नगरसेवकाला प्रश्न विचारणं राजकारण आहे की नाही? ‘राजकारण नको’ म्हटलं की पहिल्यांदा असेच प्रश्न अडतात.

आणि ऐकणाऱ्याला खुपलं म्हणून बोलणारा असभ्य ठरत नाही. आपल्याच गावात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. मागणी एवढीच, की आम्हालाही आत येऊ द्या. तेवढंही गावातल्या अनेकांना सहन झालं नाही.

आमचे नियम चारच ओळींचे आहेत. कामावर बोला, माणसावर नको. जात, धर्म, बाई-पुरुष, मालक-भाडेकरू यांवरून टोमणा नाही. कुणाचा फोटो किंवा घरगुती गोष्ट विचारल्याशिवाय टाकायची नाही. रात्री अकरानंतर फक्त तातडीचं. हे ग्रुपवर पोल घेऊन ठरवलं, कारण कमिटीने परस्पर केलेले नियम कमिटीच्या सोयीचेच वाटतात, आणि बऱ्याचदा असतातही.

‘असभ्य मेसेज काढले जातील’ एवढंच लिहून भागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आठवा. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, तेव्हा हेच कलम गाजलं होतं. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ असल्या मोघम शब्दांत कुणालाही अडकवता येत होतं. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. आपला ग्रुप म्हणजे सरकार नव्हे, पण मोघम नियमाचा त्रास तोच असतो. तो नेहमी प्रश्न विचारणाऱ्यावरच चालवला जातो.

तक्रार लिहिताना

तारीख, काम, कागद. काकूंच्या वाक्याची धार कमी न करता ते असं लिहिता आलं असतं: ‘मंगळवारी आणि बुधवारी किती टँकर आले? पावत्या कुणाकडे आहेत? मला बघायच्या आहेत.’ हा प्रश्न पहिल्यापेक्षा कडक आहे, कारण ‘पुरावा काय?’ म्हणून तो उडवून लावता येत नाही. सहकारी सोसायटीच्या सभासदाला लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आणि सभेची इतिवृत्तं बघायचा हक्क कायद्यानेच दिलाय. तेव्हा मिंधेपणाने विचारायचं कारण नाही. मात्र पुराव्याशिवाय नाव घेऊन ‘चोर’ म्हणू नका. बदनामी हा गुन्हा आहे, आणि ग्रुपवर लिहिलेलंही त्यात येतं.

भडका उडाला तर

ग्रुप बंद करू नका. आधी त्या माणसाशी वेगळं बोला, शक्यतो फोनवर, कारण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो आणि रागावलेला माणूस तो आपल्या मनाने लावतो. मी काकूंना दुसऱ्या दिवशी फोन केला. ‘काकू, तुमचा प्रश्न मी ग्रुपवर तसाच ठेवतोय. फक्त ‘खिशात’ हा शब्द कमिटीला लागलाय.’ त्या म्हणाल्या, ‘मग पावत्या टाका ना, मी शब्द मागे घेते.’ संध्याकाळी पावत्यांचे फोटो पडले. एक पावती हरवली होती, तेही लिहून टाकलं. काकूंनी शब्द मागे घेतला.

नियम मोडणारा मेसेज ॲडमिन काढू शकतो, पण कुठल्या नियमाने काढला हे लगेच ग्रुपवर लिहा. त्या गृहस्थांचा मेसेज मी उशिरा का होईना काढला आणि कारण लिहिलं. त्यांनी माफी मागितली नाही. मी तसा आग्रहही धरला नाही; चारचौघांत वदवून घेतलेल्या माफीने काही साधत नाही.

काही ॲडमिन पोलीस केसच्या भीतीने ग्रुप बंद करून टाकतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. दोघांचा मिळून तसा बेत असेल तर गोष्ट वेगळी.

गप्प असलेल्यांना विचारा

हे सगळ्यात जास्त राहून जातं. आमच्याकडे भाडेकरू वर्षभर ग्रुपवर एक शब्द बोलत नव्हते. घरमालकाला कळलं तर घर खाली करायला लावेल, ही धास्ती. त्यांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि आम्हाला वाटायचं, ग्रुप किती शांत! आता भाडेकरूंनी ॲडमिनला तक्रार कळवायची आणि ती नाव न लावता ग्रुपवर मांडायची, असं ठरलंय.

काढायची वेळ आली तर

दोन ॲडमिन एकमत झाले तरच, सात दिवसांसाठी, आणि कारण लिहून. आजवर आम्ही एकालाच काढलं. त्याच गृहस्थांनी एका भाडेकरू मुलीचा रात्री उशिरा घरी येतानाचा फोटो ग्रुपवर टाकला होता. आठव्या दिवशी सकाळी मीच त्यांना परत जोडलं. तासाभरात त्यांचा मेसेज आला: ‘बी विंगची लिफ्ट सोमवारपासून बंद आहे. मेकॅनिक कधी येणार?’ सोबत लिफ्टच्या दाराचा फोटो होता. सेक्रेटरींनी दहा मिनिटांत उत्तर दिलं.