आयटीआयला जाताय? या चुका टाळा

पसंतीक्रम भरताना निम्म्या पोरांचं पहिलं नाव ठरलेलं: इलेक्ट्रिशियन. का? मामा तेच शिकला. वायरमन नको म्हणणाऱ्यांनाही का ते सांगता येत नाही. दोन्ही ट्रेड दोन वर्षांचेच. इलेक्ट्रिशियनला मोटर, ट्रान्सफॉर्मर, वाइंडिंगही येतं. वायरमनचा भर वायरिंगवर. आपल्या भागात काम कसलं मिळतं ते आधी बघा. चाकण-भोसरीच्या कारखान्यांकडे जायचं असेल तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट वर घ्या. गावातच राहायचं असेल तर एका वर्षाचा वेल्डरही वाईट नाही, गेट-ग्रिलचं काम कुठेही निघतं. खासगी संस्था असेल तर डीजीटीची (केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय, पूर्वी एनसीव्हीटी) संलग्नता तुमच्या ट्रेडलाच आहे ना, हे फी भरण्याआधी विचारा. संस्थेच्या पाटीवर विसंबू नका.

खरी महागात पडणारी चूक वर्कशॉपमध्ये होते. कानस (फाइल) मारून हाताला फोड आले की जॉब, म्हणजे घडवायला दिलेला तुकडा, मित्राकडून करून घ्यायचा आणि सरांपुढे ठेवायचा. पुढे कंपनीच्या ट्रेड टेस्टला मित्र नसतो. जॉब मधे फुगतो, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावला की कडेने उजेड दिसतो, अशी तक्रार असेल तर कानस झोकांड्या खातेय. व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) कोपराच्या उंचीला आहे का बघा. स्ट्रोकच्या सुरुवातीला जोर पुढच्या हाताचा, मधे दोन्हींचा सारखा, शेवटी मुठीकडचा. मागे येताना जोर द्यायचाच नाही, नुसते दात बोथट होतात. ॲल्युमिनियमने दात भरले तर वायर ब्रशने साफ करा, आणि सुरू करण्याआधी कानशीला खडू चोळा. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचताना डोळा रेषेच्या अगदी समोर हवा. तिरकं पाहिलं की माप चुकतं आणि दोष व्हर्निअरला जातो.

ॲप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत कराराने घ्यायचं प्रशिक्षण, टाळणं ही पुढची चूक. ठेकेदाराकडे चार पैसे जास्त मिळतात, हे खरं. पण आयटीआयचं प्रमाणपत्र एनटीसी वेगळं आणि ॲप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र एनएसी वेगळं. रेल्वे किंवा सरकारी कारखान्याच्या जाहिरातीत एनएसीची गरज पडली की मग धावपळ. ‘ट्रेनी’ म्हणून घेतलं म्हणजे ॲप्रेंटिस झालो असंही नाही. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली करार सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला गेलाय का, ते पहिल्याच महिन्यात विचारा, कारण नोंद नसेल तर शेवटची परीक्षा देता येत नाही.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि प्रवेश अर्जात स्पेलिंग एकच ठेवा, वडिलांच्या नावाचंसुद्धा.