ऊन तापण्याआधी सामाईक बागेच्या पाण्याचा हिशेब बसवा

एका जागेचे तुकडे पाडून अनेकांनी भाजीपाला लावायचा आणि नळ मात्र सगळ्यांचा एकच, अशा बागांमध्ये उन्हाळ्यात पाण्यावरून कुरबुरी होतातच. पाणी कमी पडते हे एक कारण झाले. दुसरे असे की कोणी किती वापरले हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. त्यामुळे पाळ्या आणि वर्गणी यांचा निर्णय पिके सुकू लागल्यावर नको, आत्ताच, डोकी थंड असताना घ्यावा.

सगळे जण झारीने पाणी घालतात तोवर प्रत्येकाकडून सारखी वर्गणी घेतली तरी चालते. झारी उचलून हात दुखतात, तेव्हा जास्तीचे पाणी कोणी हौसेने घालत नाही. नळी आली की हे गणित मोडते. मिनिटाला १५ लिटर पाणी देणारी नळी अर्धा तास वाफ्यात सोडून ठेवली तर ४५० लिटर जातात, म्हणजे १० लिटरच्या ४५ झाऱ्या. शेजारी तीन झाऱ्यांत भागवत असेल तर सारखी वर्गणी त्याला का पटावी? म्हणून ज्या बागेत नळ्या आहेत तिथे वापर मोजायचा, त्याला दुसरा उपाय मला दिसत नाही.

मोजणीची सुरुवात बादलीने होते. ज्या वेळी पाणी देणार त्याच वेळी नळ पूर्ण उघडा, बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. मग दोन नळ्या एकदम चालू करून पुन्हा मोजा. मुख्य पाइप बारीक असेल तर दोन्हीकडची धार निम्म्यावर येते, आणि तसे असेल तर दोघांनी एकाच वेळी पाणी घेऊन कोणाचाच वेळ वाचत नाही.

आता गरज किती ते काढू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कोरड्या, तापलेल्या दिवसांत वाढलेले पीक दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी घेते. तुकडा १०० चौरस मीटरचा आणि त्यातली निम्मी जागा पिकाखाली असेल, तर दिवसाला २५० लिटर, तीन दिवसांच्या पाळीला ७५० लिटर. मिनिटाला १५ लिटरच्या धारेने हे ५० मिनिटांचे काम. असे २० तुकडे असले तर एका फेरीला १,००० मिनिटे लागतात, म्हणजे तीन दिवसांत विभागून रोज साडेपाच तासांच्या आसपास. पहाटेचे तीन तास आणि संध्याकाळचे अडीच यात पाळ्या बसतात, पण भर दुपारी पाणी द्यायची वेळ कोणावर येऊ नये इतकीच ही सोय आहे. वाळूसर जमिनीत पाळी लवकर आणि थोडी द्यावी, चिकण मातीत उशिरा आणि भरपूर. वाफसा, म्हणजे मातीत पुरेशी ओल, असताना केवळ आपली पाळी आहे म्हणून पाणी सोडू नका. आच्छादन घातलेल्या वाफ्याला पाळी लांबवता येते, हे पाहिले की शेजारीही आपोआप पालापाचोळा गोळा करू लागतात.

याच फेरीवरून बिलाचा अंदाजही येतो. २० तुकड्यांना एका फेरीत १५ घनमीटर (म्हणजे १५,००० लिटर), महिन्यात दहा फेऱ्या धरल्या तर १५० घनमीटर. पाणी देणाऱ्या संस्थेचा दर याला लावून बघा आणि हंगामाआधी तेवढी अनामत जमा करा. बिल आल्यावर पैसे गोळा करत फिरण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते तो पुढच्या वर्षी ते घेत नाही.

वर्गणीचे दोन भाग करावेत. जोडणीचे ठरावीक शुल्क, मीटरचे भाडे, दुरुस्ती, पंपाची देखभाल हा खर्च सगळ्यांवर, अगदी तुकडा पडीक ठेवणाऱ्यावरही, कारण त्याचाही नळावर हक्क राहतोच. प्रत्यक्ष पाण्याचा, आणि पंप असल्यास विजेचा, खर्च मात्र वापरानुसार. प्रत्येक तुकड्याला वेगळा मीटर बसवता आला तर उत्तमच. नसेल तर नळाजवळ वही बांधून ठेवा आणि नळी कधी उघडली, कधी बंद केली ते लिहा. वहीत थोडी लबाडी होणार, ती गृहीत धरा. तरी लिहिण्याच्या निमित्तानेच माणूस नळी वेळेवर बंद करतो.

दरात टप्पे असतील तर आणखी एक पेच येतो. सगळ्यांचा वापर एकाच मीटरवर मोजला जात असल्याने बिल चटकन वरच्या टप्प्यात जाते आणि कमी पाणी वापरणाऱ्यालाही चढा दर बसतो. अशा वेळी प्रत्येक तुकड्याला खालच्या दराचा सारखा हिस्सा द्यावा, त्यापुढचे पाणी वापरणाऱ्याने वरच्या दराने भरावे.

छोट्या मीटरांची बेरीज मुख्य मीटरशी सहसा जुळत नाही. अगदी संथ धार मीटरला जाणवत नाही, त्यामुळे थोडा फरक राहणारच. फरक वाढत चालला तर मात्र गळती शोधा. रात्री सगळ्या तोट्या बंद करून मुख्य मीटरचा आकडा लिहा, सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा वाचा. आकडा पुढे गेला असेल तर पाइपमध्ये कुठेतरी पाणी मुरते आहे. गळतीचा खर्च सगळ्यांनी सोसायचा. एकट्यावर टाकला की लोक गळती लपवू लागतात.

धार फारच बारीक असेल तर रात्रभर टाकी भरून ठेवण्याची व्यवस्था करा. टाकी उंचावर असली तरी दाबाबद्दल भलत्या अपेक्षा नकोत: १० मीटर उंचीमागे जेमतेम एक बार दाब मिळतो. मीटरभर उंच चौथऱ्यावरच्या टाकीला कमी दाबावर चालणारे ठिबकच जोडावे. टाकी-पिंपांना घट्ट झाकण हवे, नाहीतर डासांची पैदास होते. आणि नळीचे तोंड पिंपात बुडवून ठेवू नका, विशेषतः त्यात खत कालवलेले असेल तेव्हा. मुख्य पाइपमधला दाब अचानक उतरला तर ते पाणी उलटे नळात ओढले जाते आणि तोच नळ कोणी प्यायला वापरत असतो. उलट प्रवाह रोखणारा वॉल्व्ह बसवाच. उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी चांगलेच तापलेले असते. ते रोपांवर न घालता बादलीत काढून निववावे.

थकबाकीदाराचे काय करायचे हेही आधीच लिहून ठेवा. उभ्या पिकाचे पाणी तोडणे मला पटत नाही. पीक जळते आणि पैसेही मिळत नाहीत. अनामतीतून बाकी वळती करावी, तीही पुरली नाही तर पुढच्या हंगामाला तुकडा देऊ नये. हंगाम संपला की मुख्य मीटरचा शेवटचा आकडा दोघांनी मिळून वाचावा, वहीत सह्या कराव्यात, आणि अनामतीतली उरलेली रक्कम ज्याची त्याला परत करावी.