वर्कहाउसच्या दफनभूमीवर काम करताय? या चुका टाळा

वर्कहाउस म्हणजे गरिबांना पोटापुरतं अन्न देऊन त्याच्या बदल्यात राबवून घेणारी जागा. इंग्लंडमध्ये १८३४ च्या आणि आयर्लंडमध्ये १८३८ च्या कायद्यानं यांचं जाळं उभं राहिलं. तिथं मेलेल्या ज्यांना न्यायला कोणी आलं नाही, त्यांना बहुतेकदा कसल्याही खुणेशिवाय पुरलं. आज त्या जमिनीवर बांधकाम निघालं की आम्हा पुरातत्त्ववाल्यांना बोलावतात. दर हंगामात नवी मुलं येतात आणि त्याच त्या चुका करतात. या चुकांनी जे जातं ते परत मिळत नाही, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात आधी धुण्याबद्दल. सांगाडे धुणं हे सर्वांत हलकं काम समजून नवख्यांच्या हाती देतात, आणि नुकसान तिथंच होतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जागेवर चारेक वर्षांच्या मुलाची कवटी निघाली होती. मी दुसऱ्या टेबलावर नोंदी करत होतो. एका उत्साही मुलानं ती टबात घेतली आणि नखं घासायच्या ब्रशनं रगडून लख्ख केली. मला दाखवायला आणली तेव्हा चेहऱ्यावर केवढा आनंद! मी डोळ्यांच्या खोबणी दिव्याखाली धरल्या. छतावर हाडाचा एक पातळ, सच्छिद्र थर होता, त्याचा कडेला नखभर तुकडा उरला होता. बाकीचा टबातल्या गढूळ पाण्यात गेला होता. ते पाणी आम्ही बारीक चाळणीतून गाळलं. कोंड्यासारखे कण मिळाले, पण ते कुठले हे कोण सांगणार? नोंदीत त्या मुलाच्या नावापुढे, म्हणजे क्रमांकापुढे, ‘निदान शक्य नाही’ एवढंच लिहावं लागलं.

तो थर का महत्त्वाचा? ‘क’ जीवनसत्त्व मिळालं नाही की बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. नुसतं चावतानाही त्यांतून रक्त झिरपतं आणि तिथल्या हाडावर नवं, भुसभुशीत हाड धरतं. म्हणून स्कर्व्हीच्या, म्हणजे या अभावानं होणाऱ्या रोगाच्या, खुणा कानशिलाजवळ, डोळ्यांच्या खोबणीत, जबड्यावर शोधायच्या. आयर्लंडमधल्या किलकेनीचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये तिथल्या वर्कहाउसच्या आवारात ६३ सामूहिक खड्डे खणले गेले, त्यांत किमान ९७० माणसं होती. ही १८४७ ते १८५१ मधली, म्हणजे बटाट्याच्या रोगानंतरच्या महादुष्काळातली दफनं. निम्म्याहून जास्त मुलं होती, आणि स्कर्व्हीच्या खुणा मोठ्या प्रमाणावर सापडल्या. त्या लोकांना ‘क’ जीवनसत्त्व मुख्यतः बटाट्यातून मिळत होतं. मदत म्हणून आलेल्या मक्यात ते नव्हतं. एवढी मोठी गोष्ट कळली ती कागदाएवढ्या जाडीच्या थरांवरून.

माझी सवय सांगतो. मुलाची कवटी मी टबात बुडवतच नाही. आतली माती ओलसर असतानाच बांबूच्या काडीनं काढतो, मऊ कुंचला वापरतो आणि खोबणींचे फोटो धुण्याआधी घेतो. दातांवरचं कीटणही खरवडत नाही, त्यात अन्नाचे कण अडकलेले असतात. दिवसाला दोन सांगाडे झाले तरी पुष्कळ. ‘दहा केले’ म्हणून सांगणाऱ्याच्या ट्रेमध्ये मी आधी डोकावतो.

दुसरी चूक तान्ह्या मुलांची. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण काळातले लोक लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. तिथं कुंभ दिसला की हात आपोआप सावध होतो. इथं तसं काहीच नसतं. पेटीचं लाकूड कुजून मातीत काळपट रेघ उरते, सोबत गंजलेले खिळे. नवजात बाळाच्या बरगड्या काडीएवढ्या, आणि हाडांची टोकं अजून जुळलेली नसल्यानं सुटे मणी पडावेत तशी पडलेली. ‘कोंबडीची हाडं’ म्हणून पाटीत टाकलेली मी स्वतः परत वेचली आहेत. डोकं, पोट, हात आणि पाय यांच्याभोवतीची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून चाळायलाच हवी. बाईच्या कटीजवळची तर नक्कीच.

कवटी करवतीनं कापलेली दिसली की लगेच खुनाच्या गप्पा नकोत. १८३२ च्या कायद्यानं वर्कहाउसमधली बेवारस प्रेतं शरीरशास्त्राच्या शिक्षणासाठी देता येत होती. शवविच्छेदनाच्या खुणाही अशाच दिसतात. एका पेटीत दोघांचे अवयव निघू शकतात, म्हणून उचलण्याआधी मोजा.

खड्ड्यात पेट्या एकावर एक असतील तर प्रत्येकीला वेगळा क्रमांक, वेगळं रेखाटन. ‘खड्डा ४ मधली हाडं’ अशी चिठ्ठी मला चालत नाही.

जेसीबीला दात नसलेली बकेट लावा आणि शेजारी माणूस उभा ठेवा. ओली हाडं बंद प्लास्टिकमध्ये ठेवू नका, बुरशी धरते. सांगाड्याचे फोटो स्वतःच्या घरच्यांना पाठवू नका, मग ते कुणीही असोत.

शेवटची चूक पुनर्दफनाच्या वेळी होते. किलकेनीच्या लोकांना २०१० मध्ये तिथल्याच स्मृती-उद्यानात पुन्हा मातीत ठेवलं. अशा दिवसाआधी तपासणीला बाहेर गेलेला दात, चाळणीतून नंतर निघालेलं बोटाचं पेर, एक्स-रेच्या खोलीत राहिलेलं हाड, सगळं ज्याचं त्याच्या पेटीत गेलं पाहिजे. मी प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आतून पेन्सिलीनं यादी लिहितो: काय बाहेर गेलं, कुठल्या तारखेला, कुणाकडे. परत आलं की त्यावर रेघ मारतो. सगळ्या ओळींवर रेघ आल्याशिवाय झाकणाला चिकटपट्टी लावू देत नाही.