नवी कोल्हापुरी चावू नये म्हणून

जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि तेव्हापासून जीन्सवर, कुर्त्यावर, अगदी लग्नातल्या सूटवरही कोल्हापुरी जास्तच दिसू लागली. आनंदच आहे. पण घाईत घेतलेली जोडी आठवड्यात कोपऱ्यात पडते, ते बघवत नाही.

कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या बाजारात, गेलात की जोडी आधी उलटी करा. तळाच्या कडेने चामड्याच्या वादीची हाताने घातलेली शिवण दिसली पाहिजे. अस्सल जोडीत खिळा नसतो. मग वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला मातकट, तुरट वास येतो. रेक्झिनला रसायनाचा उग्र वास येतो, तो लपत नाही. माप संध्याकाळी घ्या, आणि किंचित घट्टच घ्या. चामडं पायाबरोबर सैल होतं.

आता खरं काम. नवी जोडी थेट लग्नाला घालून जाऊ नका. चपलेचा अंगठा, पट्टा आणि कान (बाजूचे चामड्याचे पदर) यांना आतून एरंडेल किंवा खोबरेल बोटाने चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने पुसा. असं तीन रात्री करा आणि रोज अर्धा तास घरातच घालून फिरा. पायाच्या अंगठ्याशी जिथे लाल होतं, तिथे चपलेला तेलाचं आणखी एक बोट.

पावसात मात्र घालूच नका. भिजलीच तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात ठेवली की तळ वाकडा होतो.