अकरावी सायन्सला मॅथ्स ठेवायचं की सोडायचं, कसं ठरवाल?
दहावीचे मार्क बाजूला ठेवा, आधी पोराला पुढे काय करायचंय ते विचारा. इंजिनिअरिंग किंवा एनडीएतून एअरफोर्स-नेव्ही डोक्यात असेल तर मॅथ्स ठेवाच, एमएचटी-सीईटीच्या (राज्यातली इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुपला २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे असतात राव! डॉक्टरकीच पक्की असेल तर बिनधास्त सोडा, उगाच "असू दे हाताशी" म्हणून बायोसोबत घेतलं की दोन्हीकडे ओढाताण (शेजारचे काय, काहीही सांगतात). तरी ठरत नसेल तर सुट्टीत अकरावीच्या पुस्तकातला त्रिकोणमितीचा धडा क्लासशिवाय सोडवायला द्या, अडला तरी चालेल पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून वही उघडतो का ते बघा. कॉमर्सचं मॅथ्सचं पुस्तक वेगळं असतं, त्यामुळे पुस्तक सायन्सचंच आहे ना ते बघून घ्या.